सात तास मागे पडलेलं घर

त्या प्रकरणाची आठवण झाली की आजही मला भर दुपारी पहाट झाल्यासारखं वाटतं. भर दुपारी पहाट असलेलं एक घर मी लातूरला प्रत्यक्ष पाहिलं आहे.

मी तिथल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. एका वसाहतीत तीन आठवड्यांत तीन बंद घरं फुटली. तिसरी चोरी उघडकीस आली त्या सकाळी वसाहतीचे अध्यक्ष ठाण्यात हजर झाले. छापील लेटरहेडवर खबर देणारा माझ्या नोकरीतला हा एकमेव खबऱ्या. दोन पानांचा मथितार्थ एवढाच की, तिन्ही घरांत दिवा आपोआप लावणारा टायमर होता आणि तिन्ही टायमर एकाच मिस्त्रीने बसवले होते. माणसं गावाला गेली तरी पोर्चमधला दिवा संध्याकाळी लागायचा आणि सकाळी सहाला विझायचा. घर रिकामं आहे हे चोराला कळू नये, ही त्यामागची युक्ती. मग ते कळलं कोणाला? बसवणाऱ्याला, असं अध्यक्षांचं म्हणणं.

अकरा वाजता मिस्त्रीला आणलं. स्टेशन डायरीतली शाई वाळायच्या आत वरिष्ठांनी संध्याकाळी पाचची पत्रकार परिषद जाहीर केली आणि मागच्या पडद्याला इस्त्री करायला माणूस धाडला. गुन्हा शाबित व्हायचा होता, पण पडद्याची तयारी पूर्ण होती.

मिस्त्री पन्नाशीचा, मूळचा मुदखेडचा. समोर बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, मारायचं तर मारा, पण पेपरात नाव देऊ नका. आमचा धंदाच लोकायच्या घरात शिरायचा हाय. एकदा नाव आलं की कोण दार उघडंल?"

"टायमर तुम्हीच बसवलेत?"

"हाव. अन् नीट बसवलेत. फेजवर, म्हंजे करंटच्या तारेवर घेतलेत. काही लोकं न्यूट्रलवर घेतात. दिवा विझतो, पण होल्डरात करंट ऱ्हातोच. बल्ब बदलायला हात घातला की माणूस गेला. वर एमसीबी दिलाय, लोड वाढला की आपोआप पडतो. बाजूला साधं बटन दिलंय, टायमर बिघडला तर हातानं लावता यावं म्हणून. अर्थिंग म्हणाल तर..."

मी त्याला थांबवलं. चोरीच्या संशयातला माणूस अर्थिंगवर बोलू लागला तर तो एक तर महाबिलंदर असतो, नाही तर खरोखरच मिस्त्री असतो. बिलंदर लोक सहसा अर्थिंगपर्यंत पोचत नाहीत. मी त्याला जीपमध्ये घेतलं आणि पंचनाम्यासाठी तिसऱ्या घरी गेलो.

साडेबारा झाले होते. उन्हानं गल्ली पांढरी पडली होती, पानही हलत नव्हतं. त्या उजेडात पोर्चमधला पिवळा दिवा जळत होता. कोणीतरी डोळे उघडे ठेवून झोपावं, तसा. घरमालक कापड दुकानदार. कपाळावर भस्माचे पट्टे. नांदेडला लग्नाला पंधरा दिवस जाऊन त्याच सकाळी परतले होते. देवघरातली चांदी गेली होती. धक्क्यात दिव्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

मिस्त्रीने मेन बंद न करता, बोटं आत न घालता, टायमरच्या पेटीचं फक्त झाकण उघडलं. आत चोवीस तासांची गोल तबकडी अगदी हळू सरकत होती. तिच्यावर साडेपाच वाजले होते. सकाळचे.

बाहेर दुपार होती आणि त्या घरात अजून पहाट होती. आतल्या खोलीत माणसं गाढ झोपली असतील, आपण पाय न वाजवता परत फिरावं, असं मनात आलं. पोलीस खात्यात या विचारासाठी रकाना नाही.

"लाईट गेली की तबकडी थांबती, साहेब. आली की तिथूनच फिरती," मिस्त्री म्हणाला. "रोज अर्धा घंटा गेला तरी बघा ना, पंधरा दिवसांत किती मागं पडली."

झाकणाच्या आत त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं : 'लाईट जाऊन आल्यास वेळ जुळवून घेणे.'

"आम्ही नांदेडला. जुळवणार कोण?" मालक म्हणाले.

सूचना कुलपात, वाचणारे लग्नात. परिणामी दुपारपर्यंत दिवा आणि संध्याकाळी काळोख. घर रिकामं असल्याची याहून मोठी पाटी कोणी लावली नसती. म्हणजे ती वाचायला मिस्त्री असण्याची गरज नव्हती. दिवसा इथून जाणारा कोणीही पुरे.

शेजारच्या मावशी कुंपणाशी आल्या. "अगं बाई, मिस्त्रीला कशाला धरून आणलं? गरीब माणूस हाय तो."

"मावशी, दिवसा या गल्लीत कोण येतं?"

"एवढ्या उन्हात कोण येतंय? शाळेचा ऑटोवाला तेवढा. लई चांगलाय. परवा सकाळी पोरं न्यायला आला तवा तोच म्हणला, मावशी, यांचा दिवा दिवसा जळून राहिला, गावाला गेलेत काय? मी म्हणलं, हाव, नांदेडला."

बोलता बोलता त्यांचा हात तोंडाकडे गेला.

ऑटो दीड वाजता आला. मुलं उतरल्यावर पंचांसमक्ष झडती घेतली. मागच्या सीटखालच्या खोक्यात चांदीची भांडी मिळाली. ठाण्यात त्याने तिन्ही चोऱ्या कबूल केल्या. संध्याकाळी गल्ली टीव्हीसमोर असताना तो काम उरकायचा.

"दिव्यावरून कसं ओळखलंस?" मी विचारलं.

"साहेब, ज्या घरात माणूस हाय, तिथं दिवसा दिवा ऱ्हातो का? कुणीतरी वरडतंच, अन् कुणीतरी विझवतंच."

पुढे मी नोकरीत कुलपं, कॅमेरे, सायरन पुष्कळ पाहिले. दिवा लावायचं काम यंत्रावर सोपवता येतं. तो उगाच जळतोय म्हणून चिडणारं माणूस कुठल्या दुकानात मिळत नाही, हे मला त्या चोराने शिकवलं.

पाचला पडद्यासमोर मिस्त्रीऐवजी ऑटोवाला उभा राहिला. भाषण तेच, फक्त एक नाव बदललेलं. पण मिस्त्रीला जीपमध्ये बसलेलं साऱ्या गल्लीने पाहिलं होतं. म्हणून साध्या कपड्यांत, त्याच्याच मोपेडवर मागे बसून मी त्याच्याबरोबर निघालो. त्याला आणखी दोन घरांतले टायमर जुळवायचे होते. माझ्या मांडीवर त्याची हत्यारांची पिशवी होती.

पहिल्या दाराची बेल त्याने वाजवली आणि दोन पावलं मागे सरला. आत हालचाल झाली, मग बराच वेळ काहीच नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

कडी निघाली. दारातल्या बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलास का, दादा? किचनचा पंखा पण बघ, कालपासून आवाज करून राहिला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् तुम्ही चपला बाहेर काढा."