मिटणाऱ्या डोळ्यांसाठी फ्लॅश : पारनेर ते भंडारदरा

आईच्या माहेरकडे फोटोत डोळे मिटायची खोड आहे. आईला होती, मावशीला आहे. पारनेरला माझा फोटो स्टुडिओ अठरा वर्षांचा. तालुक्यातल्या कितीतरी लग्नांत मी "हं, इकडे बघा" म्हणून घसा बसवलाय. आणि माझ्या आईचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. आधार कार्डावर आहेत उघडे, पण आधार कार्डावर कुणाचा चेहरा स्वतःचा असतो? ती गेली तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. मी कॉम्प्युटरवर एका नवरीच्या आत्याचे डोळे तिला बसवले. काम सफाईदार झालं. पण तीन वर्षं भिंतीवरची ती बाई माझ्याकडे बघते आणि मला ओळखत नाही.

म्हणून या दिवाळीत ठरवलं, भंडारदऱ्याकडे मावशीच्या गावी जायचं. मावशी म्हणजे हुबेहूब आई. तिचे डोळे एकदा उघडे पकडायचे आणि आईच्या फोटोत बसवायचे. भाऊबीजेला तिच्या लेकी माहेरी येतात, सगळ्यांचा ग्रुप फोटोही होईल. जुना फ्लॅश मधूनच रुसायला लागला होता, तेव्हा आधी नगर गाठायचं. (पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.)

सकाळी सातला गाडी काढली आणि दुकान उघडायच्या आत नगरला पोचलो. रियाजभाईंचं दुकान पाच बाय दहाचं, पण माझा पहिला कॅमेरा त्यांनीच दोनदा जिवंत केलेला.

"भाई, भारीतला दाखवा. डोळे मिटायच्या आत उडाला पाहिजे."

"कुणाचे डोळे?"

सांगितलं सगळं. भाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"फ्लॅश ऑटोवर ठेवता? टीटीएलवर?"

"मग? लग्नाच्या पळापळीत दुसरं काय ठेवणार?"

"मग डोळ्यांचा काय दोष, भाऊ? टीटीएल आधी एक बारीक चमक मारतो. कॅमेरा तिच्यावर उजेड मोजतो, मग खरा फ्लॅश उडतो. मधलं अंतर तुमाला-मला कळत बी न्हाई. पण काही मानसांची पापनी लई चपळ. पयल्या चमकेला मिटती, दुसऱ्या चमकेला फोटो निघतो. मॅन्युअलवर टाका, एकच चमक." मग हसत म्हणाले, "अठरा वर्षं काय करत हुते?"

मीही हसलो. बाहेर येऊन मात्र बराच वेळ गाडीला चावी लावली नाही. अठरा वर्षं काय करत होतो ते मला चांगलं आठवत होतं. "आई, डोळे उघड ना! एवढं साधं जमत नाही?" असं म्हणत होतो. पुढे पुढे ती फोटोत यायचीच नाही. मोबाईल समोर धरला तरी पदर ओढून घ्यायची. "तुमी बसा, मला न्हाई जमत."

फ्लॅश घ्यायचा असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवा. लग्नाच्या धावपळीत टीटीएल सोयीचा, पण घ्याल त्यात उजेड हाताने कमी-जास्त करता आलाच पाहिजे, आणि त्याचं डोकं सगळीकडे फिरलं पाहिजे. एकट्याच्या फोटोला फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा आणि बाजूला पांढऱ्या छत्रीत लावा, चेहऱ्याला गोलाई येते. ग्रुपला ताकद लागते. छत्री उंच आणि लांब ठेवा, नाहीतर पुढची रांग पिठासारखी पांढरी आणि मागची अंधारात. मी साधा मॅन्युअल फ्लॅश, लांबून उडवायचा ट्रिगर, स्टँड आणि छत्री घेतली. सगळं मिळून भारीतल्या एका फ्लॅशच्या निम्म्यात आलं.

राहुरी, कोल्हार, लोणी करत संगमनेर. उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगायची तयारी ठेवा. जेवण संगमनेरलाच उरका, पुढे अकोले गाव सोडलं की घाट-वळणं लागतात आणि पोटाला ते आवडत नाही. राजूरला पेढे घ्यायला थांबलो. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "पेढा राजूरचाच हाय ना?" दुकानदार वजन करता करता म्हणाला, "न्हाई, काल काश्मीरवरनं आला." मी मुकाट्याने अर्धा किलो घेतले. भंडारदऱ्याला ज्यांची मावशी नाही त्यांना शेंडी गावात घरगुती राहायची सोय मिळते. सुट्टीत आधी फोन करा.

संध्याकाळी पोचलो तेव्हा चुलीवर काळभात, इकडचा वासाचा तांदूळ, शिजत होता आणि वास थेट अंगणापर्यंत. मावशीने दारातच माझी कॅमेऱ्याची पिशवी बघितली. "बाळू, माज्यावर रीळ वाया घालू नको."

"रीळ कुठं राहिलंय आता, मावशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सतरा जण उभे केले. मावसभाऊ भरत आपल्या मेहुण्यावर घसरला, "दाजी, पोट आत घ्या, मागचं घर दिसंना!" दाजींनी श्वास ओढला, पोरं खिदळली, आणि तोच फोटो सगळ्यात चांगला आला. मावशी मात्र भाकरी थापायचं निमित्त करून आतच.

मग तिला पडवीत बसवलं. डाव्या हाताला छत्री, मॅन्युअल, कमी ताकद. एकदाच उडवला. कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, खूप वेळ बघितलं.

"हे माजं हाय?"

"तुझंच."

"उघडे हायेत की."

"तुझी खोड नव्हती मावशी. माझा फ्लॅश चुकत होता."

तिने कॅमेरा मांडीवर ठेवला. "म्हंजी आक्काचं पन आलं आसतं."

मी छत्री मिटायला घेतली. तीच पुढे म्हणाली, "लई मनाला लावून घ्यायची. म्हनायची, पोराचा धंदा फोटोचा, आन् मीच त्याचं काम नासवते."

निघताना मनातलं सांगून टाकलं, तुझे डोळे आईला लावणार होतो म्हणून. ती हसली. "लाव की. जलमभर माजी लुगडी नेसली तिनं, डोळं दिलं तर काय झालं? पर ती आशी सरळ न्हाई बघायची, बाळू. तू काय करतोस, तिकडं बघायची."

पारनेरला आल्यावर मावशीचा फोटो मोठा करून पाठवला. मग आईचा मूळ फोटो उघडला आणि मावशीचे डोळे बसवून बघितले. मापात बसले, उजेडही जुळला. फोटोतून मावशी बघत होती. पुसून टाकले. भिंतीवरची आत्याबाईही उतरवली आणि आईचा मिटल्या डोळ्यांचा फोटो होता तसा छापून लावला.

बायको म्हणाली, "अहो, हा कसा लावलात? डोळे मिटलेत."

मी तिला जवळ नेऊन दाखवलं. पदर नीट केलेला, हनुवटी मी सांगितली तेवढीच वर, हात मांडीवर. माझी सगळी वाक्यं ऐकून ती बसली होती. त्या पहिल्या बारीक चमकेच्या आधी आई माझ्याकडेच बघत होती. एवढं आता मला पक्कं माहीत आहे.