कडेवरचं वजन

घरी आलं तेव्हा बर्फाळ प्रदेशातल्या हस्की कुत्र्याचं पिल्लू साडेचार किलोचं होतं. काट्यावर एकटं थांबत नसे, म्हणून दर रविवारी त्याला कडेवर घेऊन मीच काट्यावर चढायचो आणि माझे अडुसष्ट किलो वजा करायचो. उन्हाळ्यात चिखलीचा पारा चव्वेचाळीसवर गेला. ते कूलरसमोर नुसतं पडून राहिलं, आठवड्यात दीड किलो उतरलं. शेवटी मीच त्याला चिखलदऱ्याच्या थंड हवेत, मेहुण्याकडे सोडून आलो.

काल फोन करून त्याचं वजन विचारलं. मेहुणा हसला. “दाजी, आता त्याले कोन उचलते? तुम्हीच या अन् उचला.”

बायको म्हणाली, “मंग जा ना! काऊन थांबले?”

एकदा उचललं, तर पुन्हा खाली ठेवणं मला जमणार नाही.