मिलिंदने हातात ठेवलेल्या गोळ्या

मिलिंदने मला फसवलं, आणि तेही माझ्या शेजारी उभं राहून. परवा शॉमबर्गला त्याच्याकडे दिवाळीच्या फराळाला गेलो, तर दिवाणखान्यात रायफलच्या तेलाचा वास आला आणि मी मनाने थेट विस्कॉन्सिनमधल्या बंदुकांच्या त्या जुन्या दुकानात पोचलो.

हरणाची माझी पहिलीच शिकार होती. मऊ टोकाच्या, अंगात शिरल्यावर फुलून जनावर जागीच पाडणाऱ्या गोळ्यांचा डबा मी उचलला होता. मिलिंद मुरलेला शिकारी. त्याने तो काढून घेतला आणि दुसरा पुढे केला. "ह्या घे, शेठ. स्वस्त आहेत. गोळी ती गोळी, यार!" स्वस्त म्हटलं की मी विरघळतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी वर त्याचे आभार मानले. मऊ टोकाच्या गोळ्या त्याने स्वतःसाठी घेतल्या.

सकाळी बर्फात मोठ्या शिंगांचं हरीण समोर आलं. माझी गोळी बरगडीत बसली, पण न फुलता आरपार गेली. टणक कवचाच्या, निव्वळ सरावाच्या गोळ्या होत्या त्या! हरीण रक्त सांडत पळालं आणि मिलिंदने पुढे गाठून ते पाडलं.

आज ती शिंगं त्याच्या भिंतीवर आहेत. परवा त्यांच्याखाली चकली मोडत तो पाहुण्यांना सांगत होता, "शेठचा नेम चुकला. मग मलाच उरकावं लागलं."

नेम चुकला नव्हता, मिलिंद. कातडं सोलताना माझ्या गोळीची दोन्ही भोकं तू पाहिलीस. आता त्याच पाहुण्यांसमोर, त्याच शिंगांखाली उभा राहा आणि सांग, सगळं माहीत असून तो डबा माझ्या हातात का ठेवलास?