शिफ्ट बदलताना हरवणारी ओळ

तिशीत मी स्वतःला फार हुशार समजायचे. चाकणच्या एका कंपनीत संगणक विभागात होते आणि मशीनच्या सेटिंगच्या फायली दुरुस्त करायला मी एक छोटा एडिटर लिहिला होता. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर चालणारा, नुसत्या अक्षरांचा. माउसबिउस काही नाही. सगळ्यात खालच्या ओळीत तो सांगायचा, फाइल सेव्ह झाली की नाही. पडदा केवढा आहे हे तो सुरू होताना एकदाच विचारायचा, पुन्हा म्हणून नाही. कोडमध्ये त्या जागी मी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप ठोकून ठेवली होती : 'स्क्रीन काय कणकेचा गोळा आहे, मध्येच वाढायला?' तेव्हा मॉनिटर म्हणजे टेबलावरचा काचेचा जड डबा असायचा, तो कसला वाढतोय. पण तोरा बघा बाईचा!

पुढे मी निवृत्त झाले, हे गेले, लेक पुनावळ्याला राहायला गेली. आमच्या रहाटणीपासून पुनावळे काही लांब नाही. ती रविवारी येते. रविवारच यायला फार वेळ लावतो. एडिटर मात्र कंपनीत टिकला. म्हणून शिफ्ट इन्चार्जचा फोन आला तेव्हा, खरं सांगते, बिघाड झाल्याचा मला आनंदच झाला.

"मॅडम, खालची ओळ गायब व्हायलीय. सेव्ह झालं का नाही कळंना. काल दुपारपाळीचा गडी तसाच उठून गेला आणि रात्रपाळीनं जुन्याच सेटिंगवर माल काढला. साहेब म्हणतेत, या आठवड्यात सुधरलं नाही तर दुसरा एडिटर टाकू."

दुसरा टाकू! म्हणजे या फ्लॅटमधला फोन वाजायचं उरलंसुरलं कारणही जाणार.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. हल्ली एडिटर पडद्यावरच्या एका खिडकीत चालतो. ती खिडकी लहान करून उघडला, ओळ होती. मोठी करून उघडला, तरी होती. "माझ्याकडे तर बरोबर चालतंय," मी इन्चार्जला फोनवर सांगितलं. तरुणपणी हे वाक्य मी लोकांच्या तोंडावर फेकायचे आणि पदर सावरत निघून जायचे. या वेळी निघून जायला जागा नव्हती.

"दुपारी शिफ्ट बदलतानाच होतंय, मॅडम."

"मग तेव्हा फोन चालू ठेव. मला ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन कानाला लावून बसले. भोंगा झाला, खुर्ची घासली.

"सरक की भावा! केवढी खिडकी ताणून बसलास राव. मला बाजूला प्रॉडक्शनचा तक्ता बघायचा असतो."

"कर बारकी तुला पाहिजे तर. मी चाललो, बस सुटंल."

आणि इन्चार्ज ओरडला, "बघा मॅडम, गेली!"

आता कळलं. तिथे एडिटर कुणी बंदच करत नाही. पहिला उठतो, दुसरा त्याच खुर्चीत बसतो आणि चालू एडिटरची खिडकी आवळतो. पडदा आखडला तरी एडिटर जुन्याच मापाने लिहीत राहतो, खालची ओळ बाकीच्या ओळींखाली गाडली जाते. मला ते सापडणार कुठून? माझ्या घरात शिफ्ट बदलत नाही. मी ठेवते तेवढीच खिडकी राहते.

मग दोन्ही पाळ्या मीच केल्या. खिडकी ताणून थोडं लिहिलं, उठले, चहा टाकला, कप घेऊन दुसरी कुणीतरी असल्यासारखी परत आले आणि खिडकी आवळली. ओळ गेली!

खिडकीचं माप बदललं की यंत्रणा एडिटरला ढोसते. माझ्या एडिटरला ते ढोसणं ऐकायचंच माहीत नव्हतं. आधी मी ढोसल्याक्षणी सगळं नव्याने रंगवायला लावलं, तर अर्धवट लिहिलेल्या ओळींचा काला झाला. मग शिकवलं, हाक आली एवढं लक्षात ठेव, तोंडातला घास गिळ, मग माप विचार आणि पडदा नव्याने मांड. ओळ जागेवर बसली. जुनी टीप मी पुसली नाही. खाली उत्तर लिहिलं : 'वाढतो गं बाई, आणि आखडतोसुद्धा.' त्या आठवड्यात इन्चार्ज सोडला तर तिशीतल्या त्या बाईशीच काय ते बोलणं झालं.

शिवाय एक आगाऊपणा केला. ओळ मावणारच नाही इतकी खिडकी आवळली, तर एडिटर म्हणेल : 'जरा सरकून बसा.'

दुरुस्त एडिटर कंपनीला पाठवला, तिकडेही ओळ टिकली. "आता त्रास देणार नाही तुम्हाला," इन्चार्ज म्हणाला. त्रास कसला, असं म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

काही दिवसांनी परत वाजला. "मॅडम, ते सरकून बसा तुम्ही घातलंय का? लोक मुद्दाम खिडकी आवळून बघायलेत."

"काढू का?"

"नको नको, राहू द्या." आणि तो हसला. मीही हसले. मग तिकडे भोंगा झाला आणि त्याने फोन ठेवला.

त्यानंतर फोन नाही. एडिटर उत्तम चालतोय, हीच पंचाईत. दुपारी तिकडे पाळी बदलायच्या सुमाराला मी लॅपटॉप उघडते आणि खिडकी आवळत नेते, तो बोलेपर्यंत. मग मी खुर्चीत खरंच थोडी सरकते.