खंडित मूर्ती आणि ओकचे बाक

लीड्सच्या मराठी मंडळींत माझ्या आईची एक गोष्ट अजून सांगितली जाते. बहुतेक वेळा कुणा डॉक्टरच्या घरी, जेवणं झाल्यावर. म्हातारीने इंग्रजांचा देव ओढ्यात बुडवला, एवढं सांगून झालं की सगळे हसतात आणि बडीशेपेची वाटी फिरते. मी समोर बसलेलो असलो तरी हसतात. पुढचं कुणी सांगत नाही, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही आणि पुढे मी आहे. मी काही हॉस्पिटलची नोकरी हातात घेऊन या देशात आलो नाही. लोखंडाच्या कारखान्यात भट्टीपाशी उभा राहिलो, एक जुनी व्हॅन घेतली आणि जुन्या सामानाचा धंदा उभा केला. या लोकांच्या लेखी मी भंगारवाला. त्यांच्या डायनिंग रूममधली ओकची टेबलं कुणी आणून दिली, हे मात्र बडीशेप खाताना कुणाला आठवत नाही. तेव्हा ती गोष्ट पूर्ण मीच लिहितो.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. इंग्लंडमध्ये तेव्हा चर्च बंद पडत होती. लोक येत नव्हते, छपरं गळत होती आणि दुरुस्तीला कुणाकडे पैसा नव्हता. मी आतलं सामान घ्यायचो. बाक, दारं, फरशा, कधी कधी सबंध लाकडी जिना. पबवाल्यांना ते हवं असे आणि नवी घरं जुनी दिसावीत अशी हौस असणाऱ्यांना तर फारच.

त्या गावाला मी पहिल्यांदा गेलो तो असाच वास काढत. यॉर्कशायरच्या डोंगरातलं गाव, टेकडीच्या उतारावर चिकटलेलं. अगदी माथ्यावर जुनं चर्च, बुटकं, जाड भिंतींचं, ओल धरलेलं. ते बंद झालं होतं. खाली रस्त्यालगत दुसरं, त्याहून बरंच नवं. रविवारची प्रार्थना तिथे होई. आणि त्याच्याही खाली, ओढ्याच्या काठाला, मोडलेला मठ. छप्पर नाही, नुसत्या कमानी उभ्या, आत मेंढ्या चरतायत. कुठल्याशा राजाने मठ मोडायला लावले आणि मग शेकडो वर्षं गावकऱ्यांनी ते दगड वाहून नेले. माझं काम कुठली वस्तू कुठून आली हे बघायचं, त्यामुळे मला ते पहिल्याच फेरीत दिसलं. शेताच्या बांधात मध्येच एक कोरलेलं पान. गोठ्याच्या दारावर देवदूताचा अर्धा पंख. एका वाड्यात गुरं पाणी पीत होती ती दगडी शवपेटीतून. अख्खं गाव त्या मठाचंच बनलेलं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला ते चोरी म्हणत नव्हते, हे लक्षात ठेवा.

माथ्यावरच्या चर्चमधले बाक बघितले आणि मी ठरवलं की हे मी घेणार. असा ओक आता मिळत नाही. पिढ्यान् पिढ्या माणसं बसून बसून त्याला मधासारखा रंग आला होता. विकायचं काम होतं चर्चच्या वॉर्डनकडे. वॉर्डन म्हणजे पाद्री नव्हे, चर्चच्या मालमत्तेची देखरेख करणारा गावातलाच प्रतिष्ठित माणूस. हा निवृत्त हेडमास्तर होता. उंच, ट्वीडचा कोट, आणि असं सभ्य बोलायचा की आपण दारातच उभे आहोत हे बऱ्याच वेळाने कळायचं. आदल्या वर्षी जवळच्या एका चॅपलचे, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराचे, बाक त्याने माझ्यापेक्षा कमी भाव देणाऱ्या व्यापाऱ्याला दिले होते. का, तर म्हणे तो माणूस त्यांच्या ओळखीचा. या वेळी मी त्याला ओळख करून घ्यायला भाग पाडणार होतो.

दुसऱ्या भेटीला मी आईला आणि बायकोला बरोबर घेतलं. आई कऱ्हाडहून उन्हाळ्यापुरती आली होती आणि घरात बसून कंटाळली होती. नऊवारीवर माझा ओव्हरकोट, पायात लोकरीचे मोजे, मांडीवर पुऱ्यांचा डबा, अशी ती व्हॅनमध्ये पुढे बसली. चर्चच्या दारात येताच तिने चपला काढल्या.

"अगं, बंद पडलंय ते," मी म्हटलं.

"देऊळ बंद पडतं, देव बंद पडतो काय?" म्हणून ती मोज्यांनी आत गेली. बायकोनेही बूट काढले. वॉर्डन बघत राहिला.

मी आणि वॉर्डन बाकांपाशी गेलो. मी म्हणत होतो कीड आहे, तो म्हणत होता नाही. मी चाकूचं टोक घालून दाखवलं, तो म्हणाला ते खिळ्याचं भोक आहे. असं बराच वेळ चाललं. मग वजन आणि वाहतूक यांवरून वाजलं आणि आम्ही बाहेर जाऊन व्हॅन मापू लागलो. बायका तेवढ्या वेळात कुठे फिरल्या, आम्हां दोघांनाही पत्ता नव्हता. परतीच्या वाटेवर आई समाधानी दिसत होती. मला वाटलं, हवा मानवली.

पुढच्या आठवड्यात सौदा पक्का करायला गेलो. माथ्यावरच्या चर्चची साफसफाई चालली होती, गावातल्या सात-आठ बायाबापड्या, पोस्टवाली, खाटीक, असे सगळे होते. मी आत पाऊल टाकलं आणि वॉर्डन सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्ही घेऊन गेलात ती मूर्ती आधी परत करा, मग बाकांचं बघू."

मला काही कळेना. मग कळलं की कोपऱ्यात, झाडू आणि गवत कापायचं मशीन ठेवतात तिथे, हातभर उंचीची दगडी मूर्ती असायची. कुणा संताची. डोकं फार पूर्वी उडवलेलं, धर्माच्या भांडणात. ती आता तिथे नव्हती, आणि मधल्या दिवसांत किल्ली वॉर्डनच्या खिशाबाहेर गेली नव्हती.

"मी चोर आहे असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी एवढंच म्हणतो की तुम्ही आलात तेव्हा ती होती."

"सरळ बोला! चोर म्हणताय का?"

"हो," तो म्हणाला. "तसंच दिसतंय."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. निम्मं मराठीत होतं हे बरं झालं. पण घरी येईपर्यंत राग उतरला आणि हिशेब सुरू झाला. माझ्या धंद्यात दुकानाला पाटी नसली तरी चालतं, नावाला डाग चालत नाही. चर्चमधून वस्तू उचलतो अशी कुजबूज झाली असती तर कुठल्याही वॉर्डनने मला पुन्हा दार उघडलं नसतं. सगळा धंदाच तेवढ्यावर होता.

जेवायला बसलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने आईकडे बघितलं.

आई म्हणाली, "ती होय? तिचं विसर्जन केलं मी."

"काय केलंस?"

"अरे, मान नव्हती तिला. खंडित मूर्ती अशी केरसुण्यांत ठेवतात होय? आपल्याकडे कृष्णेत सोडतात. इथे तो ओढा होता खाली, त्या मोडक्या देवळापाशी. हळदकुंकू वाहिलं, दहीपोहे नव्हते म्हणून पुरी दिली बरोबर, आणि सोडली. तुम्ही दोघे लाकडावरून भांडत होता, तुम्हाला काय सांगायचं?"

"नेलीत कशी एवढी?"

बायको खाली बघत म्हणाली, "ओव्हरकोटात. अहो, मला वाटलं त्यांना विचारलंय आईंनी."

"मी विचारलं की!" आई म्हणाली. "त्या उंच मास्तराला खूण करून विचारलं. त्याने मान हलवली."

त्याने मान हलवली असणारच. कीड नाही म्हणून तो तासभर मानच हलवत होता.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डनच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने स्वयंपाकघरात बसवलं. मी सगळं सांगितलं. खंडित मूर्ती म्हणजे काय, ती नदीत का सोडतात, त्यात चोरी नसते, उलट मान असतो. तो ऐकत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले. शेवटी म्हणाला, "आय सी. मग माझ्याकडून चूक झाली. आय अपॉलजाइझ."

"इथे नको," मी म्हटलं. "चोर जिथे म्हणालात तिथे. त्याच लोकांसमोर."

मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात चिवट सौदा. त्याने बाकांचा भाव उतरवला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, फरशाही त्यातच घ्या. फरशा उत्तम होत्या, बोलताना माझी जीभ जड झाली, तरी नको म्हटलं. तो म्हणाला, एकेकाला घरी जाऊन सांगतो. मी म्हटलं, चोर एकेकाला घरी जाऊन म्हणाला नव्हतात.

त्याची बायको ओट्यापाशी भांडी पुसत होती. ती म्हणाली, "डिअर, त्यांचं बरोबर आहे." त्याने तिच्याकडे असं बघितलं की हा सौदा त्या घरात आधीच एकदा होऊन गेला असावा.

"ठीक," तो म्हणाला. "मूर्ती आणा. रविवारी खालच्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सगळे असतात. तेव्हा सांगतो."

मूर्ती आणा! ते माझ्या हातात होतं असं मी समजत होतो. घरी येऊन बोललो तर आईने साफ नकार दिला.

"विसर्जन केलेलं परत काढत नाहीत."

"आई, माझ्या नावाचा प्रश्न आहे."

"आणि त्या देवाच्या नावाचा?"

वॉर्डनला मी दोन तासांत वाकवलं, आईपुढे दोन दिवस गेले. चिडलो, विनवलं, परतीचं तिकीट लवकरचं काढतो असंही बोलून बसलो, तर ती बॅग भरायला लागली. शेवटी मार्ग काढला माझ्या बायकोने, आणि तोही कणीक मळता मळता.

"आई, सोडताना तुम्ही काय म्हणालात? पुनरागमनाय च, असंच ना?"

"म्हणतातच ते."

"मग बोलावलंयच तुम्ही परत. आता आलेल्याला नाही कसं म्हणणार?"

आईने कणकेची परात स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "येऊ दे. पण केरसुण्यांत नाही जायची. चांगल्या जागी, छपराखाली, आणि समोर फूल. त्या मास्तराला विचार, कबूल आहे का."

मी फोन केला. वॉर्डनने लगेच होकार दिला. माझ्याशी सौदा करताना त्याने प्रत्येक पायरीवर दम खाल्ला होता, आईशी एका शब्दातही घासाघीस केली नाही. याचा मला थोडा रागच आला.

रविवारी प्रार्थना चालू असतानाच ओढ्यावर गेलो. ओढ्याचं पाणी गुडघ्याएवढं आणि बर्फासारखं. मी पॅन्ट वर करून उतरलो, आई काठावरून जागा दाखवत होती, "तिकडे नाही रे, त्या कमानीच्या सावलीत." मूर्ती गाळात आडवी पडली होती. हळदकुंकू धुऊन गेलं होतं. मी ती खांद्यावर घेऊन, ओल्या पायांनी, मेंढ्यांमधून वर चढलो. गावकरी प्रार्थना संपवून दारात उभे होते. पोस्टवाली होती, खाटीक होता, सगळे होते. सगळे वाट देत मागे सरले.

वॉर्डन पुढे आला. घसा साफ केला आणि म्हणाला, "आपली मूर्ती सापडली आहे. लीड्सच्या या गृहस्थांनी ती शोधून काढायला मोठी मदत केली, त्यांचे आभार."

लोक टाळ्या वाजवू लागले. मी मूर्ती खाली ठेवली नाही.

"हे ठरलं नव्हतं," मी मोठ्याने म्हटलं. "मागच्या वेळी मला काय म्हणालात?"

टाळ्या थांबल्या. त्याच्या बायकोने पर्स दोन्ही हातांत घट्ट धरली. खांद्यावरचं पाणी माझ्या पाठीतून खाली उतरत होतं, पण मला घाई नव्हती. समोरच्याला गप्प बसू द्यायचं असतं, हे मी धंद्यात शिकलो होतो.

वॉर्डनने हॅट काढली. "मी यांना तुम्हां सगळ्यांसमोर चोर म्हटलं," तो म्हणाला, आणि हेडमास्तर शाळेच्या मैदानावर बोलेल अशा खणखणीत आवाजात म्हणाला. "ते खोटं होतं. यांनी काही घेतलं नव्हतं. मी चुकलो."

"काय म्हणाला?" आईने विचारलं. मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि मूर्ती कुठे ठेवायची ते बघायला आत निघाली. दारात थांबून चपला काढल्या. तिच्या मागे पोस्टवाली उभी होती. तिने काय समजून घेतलं कुणास ठाऊक, तिनेही बूट काढले.

खिडकीखालच्या कोनाड्यात मूर्ती बसली. आई तिथून हलेना. मी आणि वॉर्डन बाहेर आलो, चढ चढून माथ्यावरच्या चर्चमध्ये गेलो. त्याने किल्ली लावली. मी पहिल्या बाकापाशी वाकलो आणि म्हटलं, "ही कीड आहे."

"ते खिळ्याचं भोक आहे," तो म्हणाला.

"आणि स्वयंपाकघरात उतरवलेला भाव?"

"तो तुम्ही नाकारलात. आता जुनाच भाव."

मी चाकू काढला. तो खाली बसला, चष्मा लावला, आणि आम्ही दोघे त्या भोकावर वाकून संध्याकाळपर्यंत भांडलो.