जांभूळच्या वळणावरचा तिसरा गिअर

एखादी गोष्ट समजली नाही की लगेच नारळ फोडायची घाई का होते आपल्याला?

चिडूनच विचारतेय. जांभूळच्या रस्त्यावर एका आंधळ्या वळणाला शेंदूर फासलेला दगड उभा राहिलाय, आणि त्याला निमित्त माझ्या भावाची गाडी आहे. तुमच्या या सदरातले गूढ अनुभव मी आजवर खोडून काढण्यासाठीच वाचत आले. आमचं घर बौद्ध, अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये. बाबा कामावरून आले की पत्रकं काढायचे. बुवाबाजीवर, रेशनवर, तुंबलेल्या गटारावर. दादा आणि मी घड्या घालायचो. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. भूत, करणी, देवीचा कोप... हे शब्द आमच्याकडे फक्त अवतरणचिन्हांत यायचे. माझं मत आजही तेच आहे. फक्त ही एक गोष्ट मला खोडता येत नाही, आणि सगळा संताप त्याचाच आहे.

मागच्या वर्षीचा, म्हणजे २००६ चा उन्हाळा. दादा इथल्याच एका कारखान्यात टूलरूमला आहे. त्याने एक जुनी लाल हॅचबॅक घेतली होती आणि सुट्टीच्या दिवशी तिला चेन्नईच्या शर्यतीच्या ट्रॅकसाठी तयार करत होता. मागची सीट काढली. इंजिनाचा जोर वाढावा म्हणून हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅम बदलला, फ्लायव्हील लेथवर उतरवून हलकं केलं. दुसरा गिअरबॉक्स उल्हासनगरला लछूभाईंच्या गॅरेजमध्ये तयार झाला. तिसरा आणि चौथा गिअर एकमेकांच्या जवळ आणले, म्हणजे गिअर बदलताना इंजिनाचा जोर कमी होणार नाही.

बाबांना हे अजिबात मंजूर नव्हतं. "गोल गोल फिरून परत तिथंच यायचं, त्यासाठी एवढा खटाटोप?"

दादा म्हणाला, "तुमचा मोर्चापण गेटपर्यंत जाऊन परतच येतो ना, बाबा?"

त्या दिवशी जेवताना बाबांनी भाकरी जरा जोरातच मोडली. मी ताटात बघून हसत होते.

चेन्नईची एंट्री मिळाली. आता गाडी जोरात पळवून बघायची होती, आणि आमच्याकडे ट्रॅक कुठला असणार? शुक्रवारी इकडचे कारखाने बंद असतात, त्यामुळे बदलापूरहून जांभूळकडे जाणारा रस्ता सकाळी रिकामा असतो. रिकामा असला तरी तो लोकांचा रस्ता आहे, हे मी दादाला दर वेळी ऐकवायचे. आणि स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसायचेही.

पहिल्याच शुक्रवारी, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या बाजूने डावीकडे वळताना तिसरा गिअर निघाला. लिव्हर सरळ न्यूट्रलला. इंजिन नुसतं किंचाळलं. दादाने शिवी दिली, ब्रेक मारला आणि लिव्हरकडे बघतच गाडी वळणाबाहेर काढली. बाकी सगळ्या रस्त्यावर गिअर घट्ट बसलेला.

लछूभाईंनी बॉक्स उघडला. गिअर धरून ठेवणारी स्प्रिंग ठीक, फोर्क ठीक, दात ठीक. पुढच्या शुक्रवारी त्याच जागी परत तेच. दादाने इंजिनाचं माउंटिंग बदललं, तरी तेच. मग मी माझी थिअरी मांडली. वळणावर रस्ता एका बाजूला कललेला आहे, इंजिन झुकतं, त्यामुळे लिव्हरचा रॉड ओढला जातो. मला ती फार आवडली होती. एका दुपारी आम्ही तिथूनच, त्याच वेगाने गेलो. गिअर हलला नाही! सुटलो, असं वाटलं. पण शुक्रवारी सकाळी पुन्हा निघाला. दुपारी रस्ता सरळ होतो का? माझी थिअरी कचऱ्यात गेली.

शेवटी दादाने गाडीचा मूळ, हात न लावलेला गिअरबॉक्स परत बसवला. वळणावर तोही निघाला.

लछूभाई वैतागले. "सुन साईं, बॉक्स में कुछ नहीं है. रोड में है. पता करो उधर कौन मरा है. एक नारियल फोड़ दो, खतम."

दादा म्हणाला, "नारळाने गिअर बसायला लागले तर तुमचं गॅरेज बंद पडेल, लछूभाई."

"पड़ने दे! तेरे गियर से तो छुटकारा मिलेगा मेरे को!"

घरी येताना दादा म्हणाला, "तिकडे ट्रॅकवर निघाला ना, तर पहिल्याच लॅपला बाहेर. परत कोण विचारणार आपल्याला?" त्याला असं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, नवा बॉक्स परत चढव. या वेळी लिव्हर मी धरते. दोन्ही हातांनी. बघू कसा निघतो.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

झिजलेला गिअर निघतो तेव्हा तडकन झटका देऊन निघतो. दुसऱ्या गाड्यांमध्ये मी तो अनुभवलाय. वळण आलं तेव्हा तसा झटका बसलाच नाही. मी सगळा भार टाकून लिव्हर दाबून धरली होती, आणि ती सावकाश मागे आली... दाराची कडी कोणी शांतपणे सरकवावी तशी. थरथर नाही, आवाज नाही. आणि माझ्या हातांवर एक तळवा होता. खरखरीत. ओला. गार. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मी पाहिलं.

"अगं, धर ना!" दादा ओरडला आणि चिडून कचकचून ब्रेक मारला.

वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मागे आणखी बायका, दोन पोरी.

"डोलं फुटलं काय रं तुजं?" ती कडाडली. "बापाचा रस्ता हाय काय?"

दादाने खाली उतरून हात जोडले. माझे हात मनगटापर्यंत पाण्याने भिजले होते. काचा बंद होत्या. घाम म्हणावं तर घाम इतका गार नसतो.

आणि मग माझ्याच तोंडून लछूभाईंचा प्रश्न बाहेर पडला. "मावशी, इथे कधी कोणी गेलंय का? अपघातात वगैरे?"

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नाय बाय. अजून कोनी मेला नाय. पन मरंल कवातरी."

तिने हनुवटीने दाखवलं. रस्त्याच्या त्या बाजूला त्यांची वाडी. या बाजूला पाइपलाइन, तिच्या गळक्या व्हॉल्व्हखाली रांगेत हंडे. "आक्क्या गावाचा पानी आमच्या दारावरून जातंय, आमाला नल नाय. रोज सकालचे आमी हितूनच पानी नेतो."

रोज सकाळी. दुपारी नाही. आधीच्या प्रत्येक शुक्रवारी गिअर निघाला तेव्हा आम्ही दोघंही लिव्हरकडे बघत होतो. पुढे रस्त्यावर कोण होतं, ते आम्ही पाहिलंच नव्हतं.

दादाने तिथे परत गाडी पळवली नाही. चेन्नईला तोच बॉक्स, तोच तिसरा गिअर शेवटच्या लॅपपर्यंत टिकला. दादाचा नंबर मध्येच कुठेतरी आला, पण तो हसत परतला. गाडी तिकडच्याच एका मुलाने घेतली.

इकडे मात्र लछूभाईंच्या गॅरेजमधून गोष्ट पसरली आणि वळणावर दगड आला. आता लोक थांबतात, नारळ फोडतात, हात जोडतात आणि दुप्पट वेगाने निघून जातात. करवंट्या रस्त्यावरच पडलेल्या असतात. त्यांच्यावरून त्या बायका अनवाणी, डोक्यावर हंडे घेऊन जातात. नळ अजून नाही.

बाबांना सगळं सांगितलं, तळव्यासकट. ते म्हणाले, "वाडीत घरं किती आहेत?" आणि कागद पुढे ओढला.

तो हात कोणाचा, मला माहीत नाही. तिथे कोणी मेलेलं नाही, त्यामुळे भुताची गोष्टही जुळत नाही. गिअरबॉक्सचं कारण सापडलं नाही. मी वर्षभर डोकं फोडलंय. उत्तर नाही, एवढंच खरं आहे. त्या रिकाम्या जागेत दगड बसवायला मी तयार नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. वाडीच्या बाजूला नळ द्या, या अर्जावर आम्ही सह्या घेतोय. दर रविवारी सकाळी मी आणि बाबा बदलापूर स्टेशनबाहेर बसतो. या, सही करा. आणि त्या वळणावरून जाल तेव्हा नारळ घरीच ठेवा. हॉर्न द्या आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या, स्वतःच्या हाताने. दुसरा हात दर वेळी येईलच असं नाही.