थांबआत्या

आत्यांचा हात आधी यायचा, शब्द मागून. आपण गॅस पेटवायला जावं, रस्ता ओलांडायला पाऊल उचलावं किंवा रागाच्या भरात कुणाला फोन लावायला घ्यावा, की त्यांची थंडगार बोटं आपल्या मनगटावर यायची. मग त्या म्हणायच्या, "थांब." पुढे कधी "हं, कर आता" यायचं, कधी "राहू दे" यायचं. पण आधी थांबायचं. झाशीतल्या आम्हा मूठभर मराठी घरांत त्यांचं नावच थांबआत्या पडलं होतं, आणि सीपरी बाजारातले शेजारी त्यांना 'रुको बुआजी' म्हणत. दोन्ही नावं त्यांच्या कानांवर गेली होती. "रिटायर झाल्यावर माणसाला कुणी विचारत नाही. मला दोन-दोन पदव्या मिळाल्या," असं म्हणून त्या हसायच्या. आता त्या नाहीत. पण संगणकापुढे बसलं की अजून माझं मनगट आपोआप सावध होतं.

आत्यांचं घराणं झाशीतलं जुनं. कुणी पूर्वज पेशवाईत कारकुनीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आत्या रेल्वेच्या कचेरीत संगणकाच्या विभागात होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत तीन संगणक मांडले, वेगवेगळ्या वयांचे. त्यांना त्या थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. तिघींना जुन्या नऊवारीच्या कापडाची खोळ शिवलेली. "थोरलीला नवं काही समजत नाही, धाकटीला जुनं काही पसंत नाही. मधलीचं दोघींशी पटतं, म्हणून सगळं काम बिचारीच्या गळ्यात," असं त्या इतक्या सहज सांगत की नव्या माणसाला त्या आपल्या भावजयांबद्दल बोलताहेत असं वाटावं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती रडत. माझे वडील सैन्यात हवालदार. बदली होऊन आम्ही झाशीला आलो आणि छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहू लागलो. माझं शिक्षण गावाकडच्या शाळेत आणि मग जिथे बदली होईल तिथल्या शाळेत झालेलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी झाशीतल्या जुन्या मराठी घरांची बोली हा विषय घेतला होता. हिंदीच्या आणि बुंदेलीच्या मधोमध राहून या घरांतल्या म्हाताऱ्या बायकांनी कोणते शब्द जपले, ते मी घरोघर जाऊन रेकॉर्ड करत होते. बदलून गेलेल्या एका साहेबांच्या मुलीने तिचा वापरलेला लॅपटॉप मला दिला होता. सगळी रेकॉर्डिंग एका बाहेरच्या डिस्कवर होती. फक्त त्या डिस्कवर. दुसरी प्रत ठेवायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

झालं असं की लॅपटॉपवर नवी सिस्टिम घेतल्यापासून तो मुंगीच्या पावलांनी चालायला लागला आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून घ्यायचा माझा प्रोग्रॅम उघडेचना. बाजारातल्या बंटी भैयांनी सांगितलं, "पुराना वाला सिस्टम डाल देते हैं, मक्खन चलेगा." त्यांनी जुनी सिस्टिम टाकली. लॅपटॉप खरंच पळायला लागला. मी डिस्क जोडली आणि पडद्यावर चौकट आली: ही डिस्क या संगणकाला वाचता येत नाही. खाली बटणं. त्यातलं पहिलं बटण डिस्क नव्याने तयार करण्याचं. बंटी भैयांनी आधी कुठलंसं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, मग मान हलवली. "डिस्क उड़ गई, दीदी. अब तो यही बटन बचा है."

आईने आत्यांचं नाव हळदीकुंकवात ऐकलं होतं. तिनेच मला तिकडे पाठवलं. आत्यांनी काही न विचारता पाट सरकवावा तशी खुर्ची सरकवली. मी लॅपटॉप उघडला, डिस्क जोडली. पुन्हा तीच चौकट. दाखवावं, निकाल लागून जावा, म्हणून मी त्या पहिल्या बटणाकडे बोट नेलं आणि मनगटावर ती थंड बोटं आली.

"थांब. काय लिहिलंय ते वाच आधी."

"ही डिस्क वाचता येत नाही."

"कुणाला?"

मी पुन्हा पाहिलं. "या संगणकाला."

"मग बेटा, नापास कोण झालं? डिस्क की वाचणारा?"

मला रडता रडता हसू आलं. आत्या म्हणाल्या, "तुझ्या डिस्कवर नव्या सिस्टिमने नव्या पद्धतीने लिहिलंय. तुझा लॅपटॉप मागे गेला, डिस्क पुढेच राहिली. आता त्याला हे समजत नाही, म्हणून तो विचारतोय, सगळं पुसून माझ्या पद्धतीने पाटी तयार करू का? तो बदमाश नाही गं. त्याला वाटतंय पाटी रिकामी आहे."

मग चहा ठेवताना त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरले नाही. त्या लहान असताना त्यांच्या घरी माळ्यावर मोडी लिपीतले कागद होते, गाठोडी बांधलेले. मोडी वाचणारे आजोबा गेले, आणि मागे उरलेल्यांपैकी कुणालाच ते वाचता येईना. रोज सकाळी आंघोळीचा बंब पेटवायचं काम लहान आत्यांकडे होतं. एक-एक गाठोडं खाली आलं आणि बंबात गेलं. "छान पेटायचे. जुना कागद ना," आत्या म्हणाल्या. "वाटायचं, यात काय आहे, नुसत्या रेघोट्या. कागद कोरे नव्हते गं. आम्ही कोरे होतो." एवढं बोलून त्यांनी चहा गाळला आणि साखर किती, असं विचारलं.

कुणाच्या अज्ञानाला त्या हसत नसत. मला वाटलं होतं बंटी भैयांची आता खरडपट्टी निघणार. आत्यांनी त्यांना बोलावून घेतलं, त्यांच्याही हातात चहा दिला आणि डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "बंटी भैया, इसको अब तक क्या-क्या दवा दी है? डांटूंगी नहीं. सच-सच बता दो."

बंटी भैयांनी दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, "बुआजी, वो बटन भी दबाने ही वाला था मैं. सोचा दीदी का काम निपटा दूं. तभी लाइट चली गई."

आत्यांनी हात जोडून छताकडे पाहिलं. "ज़िंदगी भर झाँसी की लाइट को कोसा है मैंने. आज से सब माफ़." बंटी भैया इतके हसले की बशीत चहा सांडला. ते गेल्यावर आत्या मला म्हणाल्या, "त्याला जेवढं येत होतं तेवढं त्याने मनापासून केलं. आता आपल्याला येतं तेवढं आपण करू."

त्या सॉफ्टवेअरच्या ढवळाढवळीमुळे नव्या धाकटीलाही डिस्क सरळ उघडता येत नव्हती. आत्यांची काम करण्याची पद्धत ठरलेली होती. पहिला नियम, अस्सलाला हात लावायचा नाही. आधी पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची आणि सगळे उपचार नकलेवर करायचे. दुसरा नियम त्याहून विचित्र होता. डिस्कमध्ये काय आहे ते मालकाने मोठ्याने सांगायचं. "काय शोधतोय ते ठाऊक नसेल तर सापडलं तरी कळायचं नाही." धाकटी नक्कल काढत होती, पडद्यावरची पट्टी सरकतेय की नाही अशी सरकत होती, आणि मी कढी-भात खात एकेका आजीबद्दल सांगत होते. फडताळाला, तपेल्याला, ओसरीला कोण काय म्हणतं ते सांगितलं. समथर गावच्या आजींपाशी आले आणि हातातला घास ताटात परत ठेवला. त्या आजी रेकॉर्डिंगनंतर थोड्याच दिवसांत गेल्या होत्या. बाकीच्यांकडे पुन्हा जाता आलं असतं. त्यांच्याकडे नाही. त्यांच्या घरी दुसऱ्या कुणाकडे त्यांचा आवाज नव्हता. आत्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही की धीर दिला नाही. फक्त म्हणाल्या, "म्हणजे आपण समथरच्या आजींना शोधतोय. बाकी मिळेल ते वरचं."

नक्कल झाली. तिच्यावर दुरुस्ती चालवली आणि ती अर्ध्यात बंद पडली. नंतर ती नक्कल उघडेचना. आत्या उठून दिव्याला तेल घालून आल्या. "नक्कल गेली. अस्सल जशीच्या तशी आहे. म्हणून तर नक्कल." दुसऱ्या दिवशी दुसरी नक्कल काढली. या वेळी त्यांनी दुरुस्तीच्या भानगडीत न पडता डिस्कची थोडी आधीची अवस्था शोधली. बंटी भैयांच्या सॉफ्टवेअरने ढवळाढवळ करण्यापूर्वी डिस्कने स्वतःच आपल्यापाशी नोंदवून ठेवलेली अवस्था. "नवं लिहिताना ती जुनं लगेच पुसत नाही. शहाणी आहे," असं म्हणत त्या तिथवर मागे गेल्या, आणि पडद्यावर माझी फोल्डरं एकाखाली एक उमटली.

आत्यांनी हेडफोन माझ्या कानांना लावला. खरखर झाली, मग लांबून शिट्टी देणारा कुकर, आणि मग समथरच्या आजी: "अगं मुली, ते तुझं यंत्र बंद कर नि आधी दोन घास खा. शब्द कुठे पळून जात नाहीत." मी हेडफोन काढून आत्यांना दिला. त्यांनी तेवढंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पळत होते की. जरा धरून आणावे लागले."

सगळंच परत आलं असं नाही. छावणीजवळच्या एका काकूंचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत उघडलं नाही. मी शरमेने पुन्हा त्यांच्याकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी काय बोलले ते मला तरी कुठे याद आहे? नव्याने बोलू." आणि पहिल्यापेक्षा जास्त बोलल्या.

प्रबंध पुरा झाला. वडिलांनी माझ्या पदवीचं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं, साहेबांसमोर धरतात तसं ताठ उभं राहून. आज मी नागपूरला एका कॉलेजात शिकवते. झाशी सोडताना निरोप घ्यायला गेले, तेव्हा नीट झालेली नक्कल आत्यांनी मला दिली आणि अस्सल डिस्क खणाच्या कापडात गुंडाळून फडताळात ठेवली. "ही माझ्याकडे राहू दे. तू घरं बदलत राहशील. मी कुठे जाणार?"

काही वर्षांनी त्यांच्या भाच्याचा, हेमंतचा, फोन आला. आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. हेमंत त्यांच्याच घरी राहून सगळं करत होता. भरवणं, कूस बदलणं, सगळं. मी झाशीला गेले तेव्हा तो थकलेला दिसला. तो मराठी समजायचा, पण लहानपणापासून बोलायचा हिंदीतच. "दीदी, बुआ अब किसी को नहीं पहचानतीं," तो हळू आवाजात म्हणाला. "सबने यही कहा, अब कुछ समझ में नहीं आता इनको. हम भी अब इनसे ज़्यादा बात नहीं करते. क्या फ़ायदा, बस परेशान होती हैं."

आत्या पुढच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत होत्या. नजर खिडकीकडे. मी समोर बसले, नाव सांगितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मी समथरच्या आजींबद्दल बोलले, बंटी भैयांबद्दल बोलले. काही नाही. हेमंतचं बरोबर असावं असं मला वाटायला लागलं होतं.

खोली रिकामी करून तिथे आत्यांचा पलंग टाकायचा होता. हेमंतने एक खोकं आणून ठेवलं. "ये डिस्कें हैं बुआ की. कौन सी खाली है, कौन सी भरी, हमें तो पता नहीं. आप देख लीजिए, बाकी कबाड़ी को दे दें." वरच खणाच्या कापडात माझी डिस्क होती. तिघींपैकी थोरलीच तेवढी चालू होत होती. आत्यांची खुर्ची तिच्या शेजारीच होती. मी डिस्क जोडली. थोरली बराच वेळ घुरघुरली आणि तिने तीच जुनी चौकट दाखवली. ही डिस्क वाचता येत नाही.

हेमंत माझ्या खांद्यावरून वाचत होता. "अच्छा, ये तो ख़राब है," तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत पहिलं बटण दाबायला त्याने माऊसकडे हात नेला.

त्याचा हात वाटेतच अडला. आत्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला होता. बोटं त्याच्या मनगटाभोवती नीट बसली होती. नजर खिडकीवरून आता पडद्यावर आली होती. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

हेमंतने हात मागे घेतला नाही. तो तसाच खाली वाकला, त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. मग तो मराठीत बोलला, अडखळत, शब्द शोधत, लहान मूल बोलतं तसा.

"थांबलो, आत्या. हे बघा, मी थांबलो."